मांडवातले भांडण

गेल्या वैशाखात वाईला माझ्या भाचीचे लग्न झाले. मी मुलीचा मामा. मुहूर्ताच्या घटकेला भाचीला बोहल्यावर नेऊन उभी करायची, हे मामाचे मानाचे काम. आणि वरपक्षाच्या आंघोळीच्या पाण्यापासून भटजींच्या दक्षिणेपर्यंत उरलेली सगळी बिनमानाची कामेही त्याचीच. अशा धावपळीत मला एक भांडण पाहायला मिळाले, आणि त्या भांडणानेच हा लेख लिहायला बसवले.

भांडणाचे कारण होते रुखवत. नवऱ्या मुलीच्या चुलतबहिणीने महिनाभर खपून मसुराच्या डाळीचे एक सुरेख तुळशीवृंदावन केले होते. नवऱ्या मुलाचा मावसभाऊ ते पाहायला आला, मान तिरपी करून उभा राहिला आणि म्हणाला, "छान आहे. जरा डावीकडे झुकलंय, एवढंच." पोरगी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "वृंदावन सरळच आहे. पाहणाऱ्याची मान वाकडी असेल, तर त्याला आमच्याकडे औषध नाही." झाले! तिथून जी ठिणगी पडली, ती दुसऱ्या दिवशी वरात निघेपर्यंत विझली नाही. पंगतीत ती मठ्ठा वाढायला आली आणि याचा द्रोण तेवढा वगळून पुढे गेली. याने भर पंगतीत पुकारा केला, की वधूपक्षाला आकडे येत नाहीत, पाचनंतर एकदम सात म्हणतात. तिने परत येऊन द्रोण असा काठोकाठ भरला, की तो उचलायचीही सोय उरली नाही.

माझी आत्या शेजारी खुर्चीवर बसून हे पाहत होती. ती आता ऐंशीच्या घरात आहे. मला जवळ बोलावून म्हणाली, "मास्तर, या दोघांच्या अक्षता पुढच्या वर्षी टाकायच्या आहेत, लिहून ठेव."

मी हसलो. पण रात्री मांडवातली गडबड निवल्यावर मला आठवण झाली ती एका जुन्या नाटकाची. शेक्सपियरचे 'मच अॅडो अबाऊट नथिंग' हे ते नाटक. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी शेक्सपियर शिकवावा, हे भाग्य काही वाट्याला आले नाही. शाळेच्या ग्रंथपेटीतली एक जीर्ण प्रत आणि उशाशी शब्दकोश, एवढ्या भांडवलावर मी ते नाटक वाचले. कदाचित म्हणूनच ते मला परीक्षेचे पुस्तक न वाटता शेजारच्या लग्नघरासारखे वाटत आले आहे. त्या लग्नघराचा इतिहास आज सांगतो.

नाटक लिहिले गेले ते १५९८-९९ च्या सुमारास. हे कसे समजते, तर १५९८ साली फ्रान्सिस मिअर्स नावाच्या लेखकाने शेक्सपियरच्या नाटकांची यादी छापली, तीत या नावाचे नाटक नाही. आणि १६०० साली तर ते छापूनच निघाले. ही छापील प्रत मोठी गमतीची आहे. डॉगबेरी नावाच्या बावळट कोतवालाच्या एका प्रवेशात पात्राच्या नावाऐवजी 'केम्प' असे नटाचेच नाव छापले गेले आहे. विल केम्प हा त्या काळचा प्रसिद्ध विदूषक नट. लिहिताना लेखकाच्या डोळ्यांपुढे कोण उभा होता, ते छापखान्याच्या नजरेतून निसटून चारशे वर्षे टिकून राहिले. हा केम्प १५९९ साली मंडळी सोडून गेला, त्यामुळे नाटक त्याआधीचे हेही आपोआप ठरते. इतिहासाची साधने अशीही असतात. दरवेळी ताम्रपटच लागतो असे नाही.

कथा घडते सिसिली बेटावरील मेसिना शहरात. तिथला सुभेदार लिओनाटो. त्याची मुलगी हीरो. आपल्याकडे हीरो म्हणजे केस उडवणारा नायक. इथे ते एका लाजऱ्या मुलीचे नाव आहे. लिओनाटोची पुतणी बिअॅट्रिस ही मात्र लाजणे कशाशी खातात हे न जाणणारी. लढाई जिंकून डॉन पेड्रो हा राजपुत्र त्यांच्या घरी मुक्कामाला येतो, त्याच्याबरोबर क्लॉडिओ आणि बेनेडिक हे दोन तरुण सरदार. क्लॉडिओला हीरो आवडते आणि त्यांचे लग्न ठरते. बिअॅट्रिस आणि बेनेडिक यांचे मात्र जुने हाडवैर. समोरासमोर आले, की शब्दांच्या तलवारी उपसल्याच.

यातली लग्नाची कथा शेक्सपियरची स्वतःची नव्हे. मातेओ बान्देल्लो या इटालियन लेखकाच्या १५५४ साली छापलेल्या कथासंग्रहात ती आहे. बान्देल्लोनेही ती मेसिनातच घातली आहे, आणि काळ दिला आहे तो १२८२ च्या सिसिलीतील बंडानंतरचा. त्या साली बेटावरच्या लोकांनी फ्रेंच सत्ता उलथून टाकली आणि अॅरगॉनचा राजा पेद्रो तिथे आला. राजपुत्राचे नाव पेड्रो का, ते यावरून कळते. वधूवर खोटा आळ येतो, ती मेल्याची हूल उठवली जाते आणि शेवटी तीच पुन्हा वधू म्हणून उभी राहते, हा सांगाडा बान्देल्लोकडचा. दुसऱ्याच बाईला खिडकीत उभे करून नायिकेवर आळ घ्यायचा ही युक्ती आरिओस्तोच्या महाकाव्यातही आहे; त्याचा इंग्रजी अनुवाद १५९१ साली निघाला होता.

मग शेक्सपियरचे स्वतःचे काय? भांडणारी जोडी. बिअॅट्रिस आणि बेनेडिक बान्देल्लोत नाहीत, आरिओस्तोत नाहीत. इटलीतील उर्बिनोच्या दरबारात स्त्रीपुरुषांनी बसून केलेल्या चतुर वादाचे वर्णन कास्तील्योने या लेखकाच्या ग्रंथात आहे, १५६१ साली तो इंग्रजीत आला. त्याचा वारा या दोघांना लागला असावा, असे अभ्यासक मानतात. पण वारा तो वारा. माणसे त्याने घडवली. लग्न उसने आणि भांडण घरचे, असा हा व्यवहार. आणि चारशे वर्षांत लोकांच्या ध्यानात राहिले ते भांडणच.

माझ्या आत्याला हे नाटक ठाऊक नाही. पण तिने जे ओळखले, ते शेक्सपियरने पहिल्याच प्रवेशात ठेवून दिले आहे. लढाईची बातमी घेऊन जासूद येतो. किती माणसे पडली, राजपुत्र कसा आहे, याची चौकशी काका करतो. बिअॅट्रिस तोंड उघडते ती एकाच प्रश्नासाठी: तो बेनेडिक परत आला की नाही? अर्थात सरळ विचारील तर ती बिअॅट्रिस कसली! नावाऐवजी ती एक टोपणनाव फेकते आणि पुढे घटकाभर त्याची टिंगल करते. पण एवढ्या सैन्यातून तिला विचारायचे होते ते त्या एकाविषयीच. पुढे एकदा ती ओझरते बोलून जाते, की त्याने पूर्वी आपले मन तिला उसने दिले होते आणि तिने ते व्याजासकट परत केले. म्हणजे या वैराच्या तळाशी जुनी जखम आहे. ज्याच्याशी काही देणेघेणे नाही, त्याच्याशी कुणी इतक्या नेमाने भांडत नाही.

आता इथे लग्नघराचे काम सुरू होते. हीरोच्या लग्नाला अजून आठवडा आहे. आठवडाभर करायचे काय? ज्याने लग्नघर पाहिले आहे त्याला या प्रश्नाचे उत्तर माहीत आहे: दुसऱ्यांची लग्ने जमवायची. डॉन पेड्रो स्वतः पुढाकार घेतो. बेनेडिक बागेत झुडपाआड लपला आहे हे पाहून तो, क्लॉडिओ आणि लिओनाटो मोठमोठ्याने बोलतात, की बिअॅट्रिस बिचारी बेनेडिकसाठी झुरते आहे, पण अभिमानापायी सांगत नाही. तिकडे हीरो आणि तिची सखी बिअॅट्रिसला ऐकू जाईल अशा बेताने उलट बाजू सांगतात. दोघेही गळाला लागतात. दुसऱ्या दिवशी बेनेडिक दाढी काढून येतो आणि आपला दात दुखतो म्हणून सांगतो. बिअॅट्रिसचे नाक सर्दीने चोंदलेले असते. प्रेमाचे दुखणे असे दातात आणि नाकात उतरते, हे पाहून प्रेक्षक चारशे वर्षे हसत आले आहेत.

इंग्रजी नावातही एक खोच आहे. 'नथिंग' म्हणजे काहीच नाही. पण त्या काळच्या उच्चारात तो शब्द 'नोटिंग'च्या, म्हणजे टिपून घेण्याच्या, फार जवळ होता. साऱ्या नाटकात माणसे दुसऱ्याचे बोलणे चोरून टिपतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. ऐकीव गोष्टीने एक लग्न जमते. आणि ऐकीव गोष्टीनेच दुसरे मोडते.

वाचकहो, इथवर सारा फराळच झाला. आता जरा कडू घोट आहे.

डॉन पेड्रोचा दुष्ट सावत्र भाऊ डॉन जॉन हा क्लॉडिओला रात्री एका खिडकीखाली नेतो. खिडकीत हीरोची दासी आणि एक परपुरुष. अंधारात क्लॉडिओला ती हीरोच वाटते. बान्देल्लोच्या कथेतला वर असे झाल्यावर निरोप धाडतो, की लग्न मोडले. शेक्सपियरने इथे एक बदल केला, आणि तो फार मोठा आहे. त्याचा क्लॉडिओ गप्प राहतो, ठरल्या वेळी देवळात येतो आणि धर्मगुरूंसमोर, सगळ्या वऱ्हाडासमोर, वधूला कलंकिनी म्हणून तिच्या बापाच्या अंगावर परत लोटतो. हीरो मूर्च्छित पडते. आणि तिचा बाप? एका क्षणापूर्वी कन्यादानाला उभा असलेला तो बाप म्हणतो, ही मेली तर बरी. मुलीला काय म्हणायचे आहे, ते ऐकून घ्यायला तो थांबत नाही.

हे वाचताना मला दरवेळी थांबावे लागते. कारण आमच्या घरात हे घडले आहे.

१९६३ साली आत्याचा साखरपुडा झाला होता. पत्रिका छापून आल्या होत्या. लग्नाला बारा दिवस उरले असता वरपक्षाकडून एक पोस्टकार्ड आले. कुणीतरी काहीतरी सांगितले होते: मुलगी वाचनालयात कुणाशी तरी बोलताना दिसली होती. आजोबांनी कार्ड वाचले, घडी करून कोटाच्या खिशात ठेवले आणि पत्रिकांचा गठ्ठा बंबात घातला. आत्या पुढे नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली. तिने लग्न केले नाही. हे मी तिच्या तोंडून एकदाच ऐकले आहे. तेव्हाही तिने वरपक्षाला बोल लावला नाही. एवढेच म्हणाली, "ते परके होते रे. पण घरातल्याही कुणी मला विचारलं नाही."

असो. देवळात परत जाऊ. सगळे निघून गेले आहेत आणि बिअॅट्रिस रडते आहे. बेनेडिक मागे राहिला आहे. तो क्लॉडिओचा जिवलग मित्र. खरे म्हणजे त्याने मित्राबरोबर जायला हवे होते. इथे दोघे प्रथमच एकमेकांना प्रेमाची कबुली देतात. बेनेडिक भरात येऊन म्हणतो, सांग, तुझ्यासाठी काय करू? आणि ती दोनच शब्दांत सांगते, की क्लॉडिओला ठार मार. हसत असलेला प्रेक्षक एकदम गप्प होतो. बेनेडिक आधी नाही म्हणतो. ती संतापते; आपण पुरुष असतो तर हे काम दुसऱ्याकडे मागितले नसते, म्हणते. मग तो तिला एकच प्रश्न करतो: क्लॉडिओने हीरोवर अन्याय केला आहे, असे तुला मनापासून वाटते? ती हो म्हणते. बस्स. तो पुरावा मागत नाही. मित्राला द्वंद्वाचे आव्हान द्यायला निघतो.

माझ्या मते सगळ्या नाटकाचे मर्म या एका प्रश्नोत्तरात आहे. क्लॉडिओ आणि हीरो यांचे कधी भांडण झाले नाही. कसे होणार? ते एकमेकांशी फारसे बोललेलेच नाहीत. तिला मागणी घातली तीसुद्धा राजपुत्राने, याच्या वतीने. क्लॉडिओने तिच्याविषयी आधी विचारले काय, तर लिओनाटोला मुलगा आहे का. म्हणजे इस्टेट कुणाला जाणार. असे गोडीगुलाबीचे लग्न एका खिडकीतल्या सावलीने कोसळले. उलट बेनेडिक आणि बिअॅट्रिस वर्षानुवर्षे भांडत होते, म्हणून एकमेकांचा शब्द न् शब्द ओळखत होते. ही बाई टोचून बोलते, पण खोटे बोलत नाही, हे त्याला तिच्या शत्रूइतके दुसरे कुणाला ठाऊक असणार? भांडणात त्यांनी एकमेकांना वाचले होते. वेळ आली तेव्हा त्या वाचनाचा उपयोग झाला.

पुढे सगळे सुरळीत होते. ज्याला धड बोलता येत नाही अशा त्या कोतवालाच्या शिपायांनीच कट ऐकलेला असतो. हीरोचे लग्न लागते. बेनेडिक आणि बिअॅट्रिस मात्र शेवटच्या घटकेला पुन्हा अडतात. तू माझ्यावर प्रेम करतोस का, तर छे, बेताचेच! तेवढ्यात दोघांनी चोरून लिहिलेल्या प्रेमकविता मित्रमंडळी बाहेर काढतात. स्वतःच्या हस्ताक्षरापुढे दोघांचाही नाइलाज होतो.

आता या नाटकाच्या इतिहासातले एक खरेखुरे लग्न सांगतो. १४ फेब्रुवारी १६१३ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या जेम्स राजाची मुलगी एलिझाबेथ हिचे जर्मनीतील पॅलेटिनेटचा इलेक्टर पाचवा फ्रेडरिक याच्याशी लग्न लागले. दोघेही सोळा वर्षांचे. घरावर दुःखाची छाया होती. वधूचा थोरला भाऊ युवराज हेन्री नोव्हेंबरात अचानक वारला होता. तरीही सोहळा झाला आणि त्या मोसमात शेक्सपियरच्या मंडळीने दरबारात नाटके केली. त्यांच्या बिदागीची नोंद २० मे १६१३ च्या हिशेबात आहे. त्यात एका यादीत 'मच अॅडो अबाऊट नथिंग' असे नाव आहे आणि दुसऱ्या यादीत 'बेनेडिक आणि बिअॅट्रिस'. दोन्ही नाटके एकच, असे अभ्यासक समजतात. म्हणजे लग्नघरात हे लग्नघराचे नाटक दोनदा झाले, आणि कारकुनाच्या लेखी त्याचे नावही बदलून भांडणाऱ्या जोडीचे झाले!

या राजकन्येचे पुढचे आयुष्य खडतर गेले. १६१९ साली नवऱ्याने बोहेमियाचे राज्य स्वीकारले. नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत ते गेले. जेमतेम एक हिवाळा टिकलेली म्हणून लोक तिला 'हिवाळ्याची राणी' म्हणू लागले. हॉलंडात हेग शहरी परागंदा होऊन राहावे लागले. पण नवराबायकोचे प्रेम अखेरपर्यंत राहिले. त्यांना तेरा मुले झाली, आणि त्यांतल्या एका मुलीचा मुलगा १७१४ साली पहिला जॉर्ज म्हणून ब्रिटनच्या गादीवर बसला.

वधूचा धाकटा भाऊ चार्ल्स त्या लग्नात बारा वर्षांचा होता. आपल्याकडे असता तर नवरदेवाचा कान पिळून पोशाख वसूल करण्याचे वय. पुढे तो राजा झाला. शेक्सपियरच्या नाटकांच्या १६३२ सालच्या आवृत्तीची त्याची स्वतःची प्रत विंडसरच्या राजग्रंथालयात आहे. तीत या नाटकाच्या नावाशेजारी त्याने आपल्या हाताने बेनेडिक आणि बिअॅट्रिस अशी दोन नावे लिहिली आहेत. १६४९ साली पार्लमेंटच्या लोकांनी त्याचा शिरच्छेद केला. त्या अभागी राजाविषयी इतिहासात पुष्कळ बरेवाईट लिहिलेले आहे. मला मात्र पुस्तकाच्या कडेला दोन भांडकुदळांची नावे लिहिणारा तो वाचक जवळचा वाटतो.

सामान्य प्रेक्षकाचेही तेच. १६४० साली छापून निघालेल्या एका कवितेत लेनर्ड डिग्ज या कवीने लिहून ठेवले आहे, की ही जोडी रंगमंचावर येणार म्हटले, की नाट्यगृह क्षणात भरते. अठराव्या शतकातला थोर नट डेव्हिड गॅरिक याने १७४९ साली लग्न केले आणि त्यानंतर रंगभूमीवर परतताना भूमिका घेतली ती लग्नाच्या वैऱ्याची, बेनेडिकची. प्रेक्षक काय हसले असतील! इंग्रजीत तर अविवाहित राहण्याच्या गप्पा मारून अखेर बोहल्यावर चढलेल्या माणसाला बेनेडिकच म्हणू लागले. १८६२ साली फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ याने या जोडीवर संगीतिका केली. त्याने हीरोवरच्या आळाचा भाग गाळून टाकला. संगीत गोड असेल, पण मला वाटते त्याने पुरणपोळीतले मीठच काढले. देवळातल्या त्या प्रवेशावाचून हे भांडण नुसता विनोद राहते.

आता जरा घराकडे वळू. ऑक्टोबर १८८२ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात हेन्री आयर्व्हिंग आणि एलन टेरी यांनी हे नाटक उभे केले. त्याचे दोनशेच्या वर प्रयोग झाले. आणि त्याच साली, १८ नोव्हेंबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पाहा, तिथे डॉन पेड्रो आणि इथे श्रीकृष्ण. दोघेही लग्न जमवण्यासाठी खोटेनाटे रचणारे थोर कारस्थानी. सुभद्रेला दुर्योधनाच्या घरी द्यायची बलरामाने ठरवलेली असते, आणि कृष्ण अर्जुनाला संन्यासी करून तिच्याच घरी आणून ठेवतो. आणखी एक साम्य: १६०० साली बिअॅट्रिसचे काम पोरसवदा नट करीत, १८८२ साली आपली सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. बाईच्या मनातले बोलायला रंगभूमीवर बाई नव्हती. तरी त्या बोलल्या, हे नाटककारांचे उपकार.

शेक्सपियरची आपल्याला ओळख झाली ती बहुतेक शोकनाटकांतून. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. भांडखोर नायिका म्हणून मराठीत गाजली ती 'त्राटिका'. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपियरच्या दुसऱ्या एका सुखान्त नाटकावरून ती रचली. पण त्राटिकेचे भांडण आणि बिअॅट्रिसचे भांडण यांत फरक आहे. तिथे नवरा बायकोला उपाशी ठेवून, थकवून, वठणीवर आणतो. इथे कुणी कुणाला वठणीवर आणत नाही. लग्नानंतरही ही दोघे भांडणार आहेत, हे प्रेक्षकाला दिसते, आणि म्हणूनच त्यांच्या संसाराची काळजी वाटत नाही.

आपल्या जुन्या लोकांनाही हे कळत असले पाहिजे. नाही तर लग्नात इतकी लुटुपुटूची भांडणे कशाला ठेवली असती? नवऱ्याच्या मुठीतली सुपारी नवरीने सोडवायची, विड्याचा तुकडा एकाने धरायचा नि दुसऱ्याने तोडायचा, विहिणीने रुसायचे, मेहुण्याने कान पिळायचा. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये अंतरपाट असतो. तो भटजी बाजूला करतात, पण मनातला अंतरपाट दूर करायला थोडी झटापटच लागते.

राहता राहिली आत्याची भविष्यवाणी. श्रावणात नवऱ्या मुलाच्या मावशीचा फोन आला. मावसभावासाठी त्या चुलतबहिणीला मागणी. आमच्याकडे आनंदीआनंद. मोठी माणसे याद्या करायला बसणार, इतक्यात आत्या म्हणाली, "थांबा. मुलीला विचारलंत का?" खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. एवढ्या वर्षांत तो प्रश्न आमच्या घरात प्रथमच मोठ्याने विचारला गेला होता, हे बहुधा मला आणि आत्यालाच कळले.

मग मुलीला बोलावले. ती म्हणाली, "माझी एक अट आहे. ते वृंदावन सरळ होतं, असं त्यांनी सहीनिशी लिहून द्यावं."

तो कागद मी पाहिला आहे. अक्षर वाईट आहे, पण मजकूर स्पष्ट आहे: वृंदावन सरळ होते, मान वाकडी होती. खाली सही आणि तारीख. आत्याने तो वाचला, घडी केली आणि मुलीच्या हातात परत दिला.

तुळशीचे लग्न झाले, की पहिल्या मुहूर्तावर कार्य आहे. मी या खेपेस मुलीचा मामा नाही, तेव्हा निवांत बसून भांडण पाहणार आहे.